कराड गाठेपर्यंतचा तास

पाटण तालुक्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा सात वर्षांचा, वजन 20 किलो, बालदमा. गेल्या वर्षभरात दोनदा ॲडमिट करावं लागलं. एकदा ऑगस्टच्या झडीत, एकदा जानेवारीत ऊसतोड चालू असताना, आणि दोन्ही वेळा रात्री. नवरा मुंबईला माथाडी कामाला, घरी त्या आणि सासू-सासरे. वाडीपासून कराडला पोचायला रात्री एक तास लागतो. त्या लिहितात:

‘निळा पंप आहे, स्पेसर आहे. पण दोन पफच्या वर द्यायला हात धजत नाही, काळजावर परिणाम होईल असं वाटतं. सासूबाई ओव्याची वाफ देतात. शेजारी म्हणतात, दोन हजारांची वाफेची मशीन घेऊन टाका. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं औषध घरात ठेवायला दिलंय, पण नातेवाईक म्हणतात ते देऊ नका. मागच्या वेळी कराडला पोचेपर्यंत त्याचे ओठ निळे पडले होते. त्या तासाभरात मी काय करायचं, तेवढं सांगा.’

ताई,

तुमचा हात दोन पफवर थांबतो, तिथूनच सुरुवात करू. निळ्या पंपाच्या एका पफमध्ये (एकदा दाबल्यावर सुटणाऱ्या फवाऱ्यात) 100 मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल, म्हणजे आवळलेल्या श्वासनळ्या सैल करणारं औषध असतं. (डबीवर लेव्होसाल्ब्युटामॉल लिहिलेलं असेल तर 50, पण काम तेवढंच होतं.) म्हणजे दहा पफ झाले की 1 मिलिग्रॅम. दवाखान्यात त्याला वाफेची मशीन (नेब्युलायझर) लावली तेव्हा प्लास्टिकच्या छोट्या कुपीतून हेच औषध एका वेळी 2.5 मिलिग्रॅम दिलं गेलं असणार, आणि वीस-वीस मिनिटांनी पुन्हा दिलं गेलं असणार. मशीनमधलं बरंचसं औषध हवेत उडून जातं हे खरं, पण आकडा तर बघा. जे औषध डॉक्टर पहिल्या तासात देतात तेच तुमच्या फडताळात आहे. तुम्ही देता ती मात्रा मोठी नाहीच, जोराच्या झटक्यासाठी ती तोकडी आहे.

या औषधाने हात थरथरतात, छाती धडधडते, मूल किरकिर करतं, एखाद्याला उलटी होते. तासा-दोन तासांत हे सगळं उतरतं. पण धडधड बघून पंप थांबवला आणि श्वासनळ्या आवळलेल्याच राहिल्या, तर रक्तातला ऑक्सिजन घटतो आणि काळजावर खरा ताण तेव्हा येतो. मागच्या वेळी ओठ निळे पडले ते औषध कमी पडलं म्हणून, असंच तुमच्या पत्रावरून दिसतं.

आता झटका ओळखायचा कसा. रात्री दिवा लावा, अंगातला स्वेटर-सदरा काढा आणि छाती उघडी करून बघा. कपड्यावरून काही कळत नाही. श्वास आत घेताना दोन बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का? गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला खोल जाते का? नाकपुड्या फुलतात का? घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाचे 30 च्या वर, दोन ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 च्या वर गेले तर झटका तीव्र आहे. मग त्याला बोलतं करा. ‘आज डब्यात काय होतं?’ असं विचारा. एका दमात उत्तर दिलं तर तुमच्या हाताशी थोडा वेळ आहे. ‘चपाती... आणि... भाजी’ असं एकेका शब्दाला थांबत असेल, तर दवाखान्याकडे निघायची वेळ झाली.

याहून वरची पायरी असते आणि तिथेच घरोघर फसगत होते. मूल दमलं की छातीची घरघर कमी येऊ लागते. घरच्यांना वाटतं कफ सुटला, आराम पडला. खरं म्हणजे घरघर व्हायला लागते तेवढी हवासुद्धा आत जात नसते. घरघर थांबली आणि मूल हसायला-बोलायला लागलं, तर बरं वाटतंय. घरघर थांबली आणि मूल गळून गेलं, डोळे मिटू लागलं, विचारलेलं त्याला कळेना, ओठ किंवा जीभ निळसर-राखाडी झाली, तर जिवावरचा प्रसंग आहे. ‘झोप लागतेय, झोपू द्या’ हे वाक्य त्या रात्री घरात कुणी बोलू नये.

पंप द्यायची पद्धत एकदा नीट बघू, कारण औषध वाया जातं ते इथेच. मुलाला मांडीवर किंवा खुर्चीत ताठ बसवा, किंचित पुढे झुकलेलं. आडवं करायचं नाही. पंप जोरात पाच वेळा हलवा. नवा पंप असेल, किंवा दोन आठवडे वापरलेला नसेल, तर आधी दोन-चार पफ हवेत सोडा. मग स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या प्लास्टिकच्या पोकळ नळकांड्याला जोडा. सात वर्षांचं मूल एरवी स्पेसरचं तोंड ओठांत धरू शकतं, पण धाप लागलेली असताना ओठ घट्ट मिटत नाहीत, म्हणून मास्क जवळ ठेवा. मास्क नाकाच्या वरच्या हाडापासून हनुवटीपर्यंत टेकला पाहिजे. गालाशी फट राहिली तर औषध तिथूनच निघून जातं. एक पफ दाबा आणि त्याला पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. मोठा श्वास घे, रोखून धर, असं सांगू नका, ते त्याला त्या वेळी जमणार नाही. स्पेसरच्या झडपेकडे बघत श्वास मोजा. झडप हलत नसेल तर मास्क गळतोय. मग पंप सोडवून पुन्हा हलवा आणि दुसरा पफ. घाईत तीन-चार पफ एकदम स्पेसरमध्ये सोडले तर थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात आणि मुलाच्या वाट्याला थोडंच येतं. एका पफला अर्धा मिनिट धरा. सहा पफ तीन मिनिटांत होतात.

तो स्पेसर बघितला की रडतो, असंही तुम्ही लिहिलं आहे. रडताना औषध आत कमी जातं, म्हणून सवय चांगल्या दिवसांत लावायची. संध्याकाळी खेळताना मास्क त्याच्याच हातात द्या, बाहुलीला लावू द्या, तुमच्या तोंडाला लावून दाखवा. आठवडाभर हे केलं की रात्री दोन वाजता भांडण होत नाही.

किती द्यायचं? झटका सौम्य असेल, म्हणजे खोकला, थोडी घरघर, पण बोलणं नीट, तर 2 ते 4 पफ द्या आणि वीस मिनिटांनी पुन्हा छाती उघडून बघा. तीव्र झटक्यात सात वर्षांच्या मुलाला एका वेळी 4 ते 10 पफ, दर वीस मिनिटांनी, पहिल्या तासात तीन वेळा. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला एका वेळी 2 ते 6. ओठ निळे, सुस्ती, शब्द फुटत नाही, अशी अवस्था असेल तर 10 पफ द्या आणि दहा मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा 10, गाडी चालू असतानाच. या मात्रा घरी बसून राहण्यासाठी नाहीत, दवाखान्याकडे जाता-जाता द्यायच्या आहेत. तुमच्या मुलासाठी नेमका आकडा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. मध्यरात्री तोंडी सांगितलेलं आठवत नाही.

आणि तुमचं घर एक तासावर आहे, त्याचे ओठ एकदा निळे पडलेले आहेत, हे धरून चाला. कराडात राहणारी आई वीस मिनिटं बघू शकते. तुम्ही तीव्रतेचं एक लक्षण दिसलं की गाडी मागवायची आणि गाडी येईपर्यंत पहिली फेरी संपवायची. सौम्य झटक्यातही पंपाचा उतार तीन-चार तास टिकला नाही, तर सकाळची वाट न बघता निघा.

पंपाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. रंगावर जाऊ नका, नाव वाचा. फ्लुटिकासोन, बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन हे रोजचे, सूज आवरणारे पंप. झटक्यात त्यांनी लगेच काही होत नाही. सॅल्मेटेरॉल असलेला जोड पंपही झटक्यासाठी नाही. फॉर्मोटेरॉल आणि बुडेसोनाइडचा एकच पंप रोजसाठी आणि झटक्यासाठी असा काही मुलांना दिलेला असतो. तसं असेल तर वरचे आकडे त्या पंपाला लावू नका, डॉक्टरांना वेगळे विचारा. आणि ज्यांच्याकडे कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र, रोटाहेलर, आहे त्यांनी लक्षात घ्यावं की ती भुकटी ओढायला जोराचा श्वास लागतो. झटक्यात तोच नसतो. अशा घरातही निळा पंप आणि स्पेसर हवाच.

आता स्टिरॉइड. दम्यात तीन गोष्टी एकदम होतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, नळ्यांच्या आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ अडकतो. निळा पंप पाच मिनिटांत स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. सूज उतरवतं ते प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, आणि त्याला काम सुरू करायला साधारण चार तास लागतात. म्हणून ते लवकर पोटात गेलेलं बरं. तुम्ही वाडीवरून निघताना दिलं, तर कराडला पोचल्यावर देण्यापेक्षा एक तास वाचतो.

नातेवाइकांची भीती कुठून येते ते समजतं. महिनोन् महिने गोळ्या घेऊन चेहरा सुजलेली, हाडं ठिसूळ झालेली माणसं गावात असतात. इथे प्रश्न 3 ते 5 दिवसांचा आहे. एवढ्या छोट्या कोर्सनंतर हळूहळू कमी करत आणायचीही गरज पडत नाही. मात्रा दर किलोला 1 ते 2 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, आणि 6 ते 11 वर्षांच्या मुलाला दिवसाला 40 च्या वर नाही. तुमच्या मुलाला 1 च्या हिशेबाने 20 मिलिग्रॅम होतात. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला आकडा वेगळा असेल तर तोच खरा.

बाटलीवरचा आकडा मात्र स्वतः वाचा. पातळ औषध दोन ताकदीचं मिळतं. एका बाटलीत 5 मिलीला 5 मिलिग्रॅम, दुसरीत 5 मिलीला 15 मिलिग्रॅम. 20 मिलिग्रॅमसाठी पहिलीतून 20 मिली लागतं, दुसरीतून सुमारे 6.7 मिली. मेडिकलवाल्याने दुसरी ताकद दिली आणि तुम्ही जुन्या सवयीने चमचे मोजले, तर मात्रा तिप्पट होते नाहीतर तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून चमच्याने नव्हे, सुई काढलेल्या सिरिंजने मोजा. चव कडू असते. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं तर डॉक्टरांना फोन करून तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी लागते. घरात किंवा वर्गात कुणाला कांजिण्या आल्या असतील आणि त्याला कधी येऊन गेल्या नसतील, तर स्टिरॉइड देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

एक अट पाळा. डॉक्टरांनी तुमच्या मुलाच्या नावाने, मात्रेसकट लिहून दिलं असेल तरच हे औषध घरी सुरू करायचं, आणि सुरू केलं की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आईवडिलांनी आपल्या आपण ते सर्रास देऊ नये. वर्षात दोन-तीन वेळा हे औषध लागतंय, तर रोजचा उपचार कमी पडतोय असा त्याचा अर्थ.

मशीनचं विचाराल तर ते दोन हजार रुपये ठेवा. स्पेसरमधून दिलेला पंप मशीनपेक्षा उणा पडत नाही, मुलांमध्ये हे पुन्हा पुन्हा तपासून झालं आहे. मशीनला वीज लागते, आणि तुमच्याकडे झडीत वीज असण्याची खात्री नाही. एका कुपीला आठ-दहा मिनिटं जातात. ती गाडीत चालत नाही, म्हणून माणसं ‘एवढी कुपी संपू दे, मग निघू’ म्हणत घरीच अडकतात. दवाखान्यातली मशीन बहुधा ऑक्सिजनवर चालवतात, घरची साध्या हवेवर, आणि तीव्र झटक्यात साध्या हवेवरच्या मशीनने ऑक्सिजन काही वेळ आणखी खालीही येऊ शकतो. ज्यांच्या घरी मशीन आहेच त्यांनी तिच्यात साधं किंवा उकळलेलं पाणी कधीही मिसळू नये, त्याने नळ्या जास्तच आवळतात. पातळ करायचं तर दवाखान्याचं सलाइन वापरा.

या मशीनला आपल्याकडे ‘वाफ’ म्हणतात आणि त्यातूनच ओव्याच्या वाफेचा गोंधळ होतो. मशीनमधून येतो तो औषधाचा थंड फवारा. पातेल्यातली वाफ वेगळी. तिच्याने नाक मोकळं होईल, पण आवळलेली नळी सुटत नाही, आणि धापा टाकणारं लेकरू उकळत्या पाण्याजवळ बसवलं तर भाजण्याचा धोका मोठा. सासूबाईंना दुखवू नका. त्यांची माया खरी आहे, तिला काम द्या. मुलाला मांडीवर धरून शांत ठेवणं, दर पफला श्वास मोजणं आणि वेळ सांगणं, हे त्यांच्यासारखं दुसरं कुणी करणार नाही. छातीला कापूर-निलगिरीचे मलम चोळणं, धूप, धुरी मात्र त्या रात्री नको. उग्र वासानेच झटका वाढतो. खोकला दाबणारी, गुंगी आणणारी औषधंही नकोत. गुंगीत मुलाचा श्वास कमी पडतो आणि तुम्हाला ते कळतही नाही.

सात वर्षांच्या पोराला वाटेतल्या दवाखान्यात एक इंजेक्शन मारून घरी पाठवतात, तेही सांभाळा. त्यात बहुधा थिओफायलिनच्या जातीचं औषध असतं. गुण येण्याची मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार थोडं अंतर, आणि पंपापुढे त्याचा उपयोग कमी. घरात पंप असताना त्यासाठी वेळ घालवू नका.

प्रवासाची तयारी आजच करा. दोन वडापवाल्यांचे (प्रवासी जीपवाल्यांचे) नंबर भिंतीवर लिहा, एक नव्हे दोन, आणि त्यांना आधी सांगून ठेवा की रात्री फोन येईल. दुचाकीवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. पंप देता येत नाही, गार वारं लागतं आणि मूल निपचित पडलं तरी पुढच्याला समजत नाही. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यभर आहे, त्यात ऑक्सिजन असतो. फोनवर पहिलं वाक्य हे बोला: ‘सात वर्षांच्या मुलाला दम्याचा झटका आलाय, बोलता येत नाही, ऑक्सिजन लागेल.’ मग गाव, तालुका आणि वाडीच्या फाट्याची खूण. रेंज घरात येत नसेल तर कुठल्या वळणावर येते ते सासऱ्यांना माहीत असू द्या. रुग्णवाहिकेला वर यायला वेळ लागणार असेल तर आपली गाडी काढा आणि मोठ्या रस्त्यावर गाठ घाला. कराडच गाठायचं असा हट्ट नको. वाटेत ऑक्सिजन आणि डॉक्टर असलेलं जे पहिलं सरकारी रुग्णालय लागतं तिथे थांबा, ऑक्सिजन आणि औषध सुरू करा आणि मग पुढे. तिथे रात्री डॉक्टर असतात का, हे दिवसा जाऊन विचारून या.

गाडीत मूल बसलेलंच ठेवा. मागच्या सीटवर मांडीवर आडवं घेऊ नका. डोक्यावरून शाल ओढू नका. खायला-प्यायला बळे घालू नका. वाटेत उसाचं पाचट पेटलेलं असेल तर काचा वर. एका चिठ्ठीवर लिहीत जा: 1:40 सहा पफ, 1:50 प्रेडनिसोलोन 20, 2:00 सहा पफ. ही चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात पडली की त्यांची दहा मिनिटं वाचतात. ते पुढे ऑक्सिजन देतात, पंपाच्याच औषधाबरोबर इप्राट्रोपियम नावाचं दुसरं औषध मशीनमधून जोडतात, आणि गरज पडली तर शिरेतून मॅग्नेशियम देतात. या घरी करायच्या गोष्टी नव्हेत. ऑक्सिजनचा सिलिंडर घरी आणण्याचाही विचार करू नका. ऑक्सिजन नळ्या उघडत नाही, आणि तो आहे म्हणून लोक घरी थांबतात.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर बोट कोमट करून, नेलपॉलिश काढून, अर्धा मिनिट स्थिर ठेवून आकडा घ्या. 92 च्या खाली आला तर गंभीर. उलट 96 दाखवतो म्हणून निश्चिंत होऊ नका. मूल दमेपर्यंत जोर लावून ऑक्सिजन टिकवतं आणि मग एकदम कोसळतं. बरगड्या ओढल्या जात असतील तर आकडा बाजूला ठेवा आणि निघा.

दम्यासारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी इथेच सांगतो. मधमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर घरघरीबरोबर अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या झाल्या, तर ती जोराची ॲलर्जी. तिला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, पंपाने भागत नाही. आणि ज्या लहानग्याला आधी कधी दमा नव्हता त्याला शेंगदाणे, हरभरे खाताना अचानक ठसका लागून घरघर सुरू झाली, तर दाणा श्वासनळीत गेलेला असू शकतो. त्याला पंप देत बसू नका.

ऐन वेळी स्पेसर फुटलेला निघाला तर? अर्धा लिटरची पाण्याची प्लास्टिक बाटली चालते. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये मुलांवर याची रीतसर चाचणी झाली, ती 1999 मध्ये छापूनही आली, आणि बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. पण पंपाभोवतीची फट बुजवली होती तीच. बुजवली नाही तेव्हा गुण कमी आला. जाड तार वाकवून पंपाच्या तोंडाच्या आकाराची करा, तापवा आणि बाटलीच्या बुडाला तेवढंच भोक पाडा. पंपाचं तोंड घट्ट बसवा, कडेने डिंकाने किंवा चिकटपट्टीने हवाबंद करा. बाटलीचं तोंड मुलाच्या ओठांत. हे काम दिवसा करून एक बाटली तयार ठेवा. तापवलेल्या प्लास्टिकचा वास पूर्ण जाऊ द्या, भांड्याच्या साबणाने धुवा आणि न पुसता निथळत ठेवा. विकतचा स्पेसरही महिन्यातून एकदा असाच धुवायचा. फडक्याने आतून पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर एक-दोन दिवसांतच पुन्हा दाखवा, बरं वाटत असलं तरी. सूज उतरायला दिवस लागतात आणि दुसरा झटका याच दिवसांत येतो.

ऑगस्ट आणि जानेवारी हे महिने मात्र योगायोग वाटत नाहीत. झडीत सर्दी-पडसं, ओल्या भिंतींची बुरशी, दमट घोंगड्या, आणि दारं लावून पेटलेली चूल, सगळं एका खोलीत कोंडतं. जानेवारीत तुटलेल्या उसाचं पाचट पेटवतात, गुऱ्हाळं चालू असतात, परड्यात पाण्याचा बंब पेटतो. बंबाचा धूर त्याच्या खोलीकडे येतो का ते बघा आणि बंब वाऱ्याच्या खालच्या बाजूला हलवा. आपलं पाचट सरीत कुजवा, कृषी खातंही तेच सांगतं. शेजाऱ्याचं पेटणार असेल त्या दिवशी मुलाला आजोळी पाठवा. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत त्याला खांद्यावर घेऊन उभं राहू नका. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या वाचकांनी बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी चालू असताना दम्याचं मूल जवळ फिरकू देऊ नये. तो वायू थेट नळ्या आवळतो. हळदीचं पॉलिश चालतं तिथली धूळही तशीच.

पण धूर टाळून सगळं होणार नाही. वर्षात दोनदा ॲडमिट झालेल्या मुलाला रोजचा स्टिरॉइडचा पंप लागतोच, आणि तो दिला जातो की नाही हे तुमच्या पत्रात नाही. दिलेला असून बरं वाटलं म्हणून बंद केला असेल, तर पुन्हा सुरू करायला डॉक्टरांकडे जा. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट नळ्यांत जाते. उंचीवर परिणाम होतो तो वर्षानुवर्षांच्या वापरात साधारण एक सेंटिमीटरचा. पफनंतर चूळ भरायची, म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येत नाहीत. सवय लागते म्हणतात, तशी ती चष्म्याचीही लागत नाही, गरज असते म्हणून वापरतो.

निळ्या पंपात 200 पफ असतात. वर्षात तीन पंप संपले तर दमा आवाक्यात नाही असं समजून डॉक्टरांना दाखवा. संपलेला पंपही दाबला की फुसकन गॅस सोडतो, त्यात औषध नसतं, आणि पाण्यात टाकून तरंगतो का बघणं विश्वासाचं नाही. आकडा दाखवणारा पंप मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर नव्या पंपावर स्केचपेनने उघडल्याची तारीख घाला आणि फडताळाच्या दारावरच्या कागदावर पफ मोजत चला. 150 झाले की दुसरा आणून ठेवा. एक पंप आणि एक स्पेसर शाळेत, बाईंच्या टेबलाच्या खणात, त्याच्या नावाच्या चिठ्ठीसह.